मोशन सेन्सर उगाच का बोंबलतो आणि त्यावर काय करायचं, पहिल्यांदाच लावणाऱ्यांसाठी

दोन वर्षांमागे गणपतीच्या चवथीला आम्ही गोव्यातलं डिचोलीचं घर बंद करून पाच दिवस पेडण्याला मूळ घरी गेलो, आणि जाताना हॉलमध्ये मी स्वतः जोडलेला मोशन सेन्सर आणि सायरन चालू करून गेलो. पहिल्या रात्री दोनच्या सुमारास सायरन वाजला, शेजारचे काका टॉर्च घेऊन धावत आले, घराला चक्कर मारली, कुलूप बघितलं, मला फोन केला, सगळं ठीक. दुसऱ्या रात्री परत तेच. तिसऱ्या रात्री वाजला तेव्हा कोणीच आलं नाही. चोरी काही झाली नाही, पण परत आल्यावर काका साधेपणाने म्हणाले, "आता वाजला तरी आम्ही उठत नाही रे." ते मला फार लागलं, कारण त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, मी लावलेलं यंत्रच विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं.

कोणालाही विचारा, एकच उत्तर मिळतं, सेन्सिटिव्हिटी कमी करा. मी केली. मग पुढच्या मे महिन्यात भर दुपारी हॉलमधून इकडून तिकडे चालून बघितलं तर सेन्सरला मी दिसलोच नाही. म्हणजे पावसाळ्यात नको तेव्हा ओरडणारा सेन्सर उन्हाळ्यात आंधळा झाला. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की सेन्सिटिव्हिटीचा स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा. आधी सेन्सरला काय दिसतं ते ठरवायचं, मग डब्बी नीट बंद करायची, मग सिग्नलचा आकार बघायचा, आणि एवढं करून काही उरलं तरच स्क्रू. खाली त्याच क्रमाने लिहिलंय. मी एचसी-एसआर५०१ ह्या मोशन सेन्सरच्या बोर्डावर लिहितोय, शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतो, पण तयार अलार्म विकत घेणाऱ्यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

पहिली पायरी: सेन्सरला नेमकं काय दिसतं

ह्या सेन्सरला पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) म्हणतात, आणि तो स्वतःहून काहीच सोडत नाही, नुसता येणारी उष्णता बघतो. माणसाच्या त्वचेतून जी उष्णता निघते ती डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांची असते, तिचा जोर साधारण साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, इथे किरणांच्या तरंगाची लांबी). सेन्सरच्या धातूच्या टोपीवर जी काळसर खिडकी असते ती साधारण ५ ते १४ मायक्रॉनचंच आत सोडते, नेहमीचा उजेड बाहेर अडवते.

आता मुख्य गंमत खिडकीच्या आत आहे. तिथे एक नाही, दोन तुकडे शेजारी शेजारी असतात आणि ते एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळी खोली एकदम तापली तर दोघांनाही सारखंच मिळतं, एकाचं प्लस दुसऱ्याचं मायनस, हिशोब शून्य. माणूस आडवा चालत गेला तर आधी एका तुकड्याला दिसतो, मग दुसऱ्याला, म्हणून सिग्नल आधी वर जातो मग खाली येतो (किंवा उलटं, कुठल्या बाजूने आलाय त्यावर). हा वर-खाली आकार लक्षात ठेवा, पुढचं सगळं ह्याच्यावरच उभं आहे.

वरची पांढरी घुमटी म्हणजे फ्रेनेल लेन्स, फ्रेनेल हा फ्रेंच शास्त्रज्ञ, त्याने ही कल्पना दीपस्तंभांसाठी वापरली होती. तिथे ती दिव्याचा उजेड गोळा करून लांब फेकते, इथे उलटं, लांबची उष्णता गोळा करून तुकड्यांवर टाकते. घुमटीला जेवढे पैलू तेवढे पट्टे खोलीत पसरतात, पंख्याच्या काड्यांसारखे, आणि मधे मोकळ्या फटी. माणूस चालताना पट्टा, फट, पट्टा, फट असं ओलांडत जातो, म्हणून सिग्नल एकदाच वर-खाली न होता दोन-तीन-चार वेळा होतो.

ह्यातून दोन गोष्टी लगेच कळतात. एक, आडवं चालणाऱ्याला सेन्सर चटकन पकडतो, सरळ त्याच्या अंगावर चालत येणाऱ्याला उशिरा. दोन, त्याला माणूस वगैरे काही ओळखता येत नाही, आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड असं काहीतरी पट्ट्यांमधून सरकलं एवढंच कळतं.

दुसरी पायरी: जागा

जागेला घाई करू नका. निम्मे खोटे अलार्म इथेच जातात, एक ओळ कोड न लिहिता.

भिंतीच्या कोपऱ्यात, साधारण दोन सव्वादोन मीटर उंचीवर लावा आणि असा फिरवा की दारातून आत येणारा माणूस पट्टे आडवे कापत जाईल. थेट खिडकीकडे तोंड नको. काचेतून तो बाहेरच्या माणसाला बघू शकत नाही, लांब तरंगांचं इन्फ्रारेड काच अडवते, पण ऊन काचेतून आत येऊन लादी तापवतं, पडदा तापवतं, आणि तो तापलेला पडदा वाऱ्याने हलला की झालं. फ्रिजच्या मागून गरम हवा येते तिथे नको, एसीच्या झोताखाली नको, देव्हाऱ्यासमोर तर नकोच, समईची ज्योत हलते. पंख्याची पाती खोलीइतक्याच तापमानाची असतात म्हणून पंख्याचा थेट त्रास कमी, पण पंखा पडदे आणि कॅलेंडर हलवतो, त्यांच्याकडे लक्ष द्या.

आपल्याकडच्या जुन्या घरात अजून एक आहे. नळ्यांच्या (कौलांच्या) छपरात उजेडासाठी मधेमधे काचेचा नळा बसवलेला असतो, त्यातून उन्हाचा चौकोन लादीवर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. भाद्रपदात ढग येतात जातात, तो चौकोन तापतो निवतो. माझ्याकडे दुपारी जे एक-दोन अलार्म यायचे ते ह्याचे होते असं मला नंतर दिसलं. सेन्सरचं तोंड थोडं फिरवलं आणि घुमटीच्या खालच्या काही पैलूंना आतून काळी इन्सुलेशन टेप लावली, म्हणजे तेवढे पट्टे बंद. टेप हा फार चांगला उपाय आहे आणि लोक वापरत नाहीत. खाली मांजर फिरतं? खालचे पट्टे बंद करा. पेट इम्यून (पाळीव प्राण्यांवर न वाजणारे) म्हणून जे सेन्सर मिळतात त्यातल्या बऱ्याच सेन्सरांची लेन्सच अशी केलेली असते. फक्त मांजर कपाटावर चढणारं असेल तर हा उपाय चालत नाही.

बाल्कांवात (दारापुढच्या बसायच्या ओट्यावर) किंवा वसरीवर (ओसरीवर) घरातला सेन्सर लावू नका. बाहेरचे वेगळे येतात, त्यातल्या काहींमध्ये वर-खाली दोन लेन्स असतात आणि दोन्हीकडे एकाच वेळी दिसलं तरच अलार्म जातो, म्हणजे कुत्रा खालच्यात दिसतो, वरच्यात नाही, माणूस दोन्हीत दिसतो.

तिसरी पायरी: डब्बी बंद करा, आणि झिरोच्या बल्बचं काय ते

चवथीच्या रात्री नेमकं काय झालं ते मला पुढे कळलं, सेन्सरसमोर चार रात्री बसून. आम्ही घर बंद करताना आत कोणीतरी आहे असं वाटावं म्हणून हॉलमध्ये झिरोचा बल्ब चालू ठेवायचो, आणि तो बल्ब सेन्सरपासून वीतभर अंतरावर होता. पावसाळ्यात उजेडावर किडे येतात, किड्यांवर पाली येतात. रात्री साडेअकराला एक पाल भिंतीवरून उतरली, घुमटीच्या कडेला येऊन थांबली, शेपूट घुमटीवर, आणि एका पाखरावर झडप घालताना अख्खी घुमटीवरून गेली. सायरनच्या जागी मी एलईडी लावला होता, तो लगेच पेटला.

पाल काही माणसासारखी गरम नसते, साधारण भिंतीएवढीच. पण घुमटीवर बसली की ती एकदम खूप पट्टे झाकते, पलीकडची भिंत एखाद्या अंशाने जरी वेगळी असली तरी सेन्सरला ती मोठी उलथापालथ दिसते, कारण ती इतकी जवळ आहे. चार मीटरवरचा माणूस आणि घुमटीवरची पाल, सेन्सरच्या लेखी दोघं सारखेच मोठे.

म्हणून बल्ब खोलीच्या दुसऱ्या टोकाला न्या. डब्बीच्या मागे वायर जिथून आत येते ते भोक सिलिकॉनने बंद करा, तिथून मुंग्या येतात, मुंग्यांना ह्या डब्ब्या का आवडतात देव जाणे पण माझ्या एका डब्बीत त्यांनी अंडी घातली होती. भोक बंद केल्याचा दुसरा फायदा असा की चिऱ्यांच्या भिंतीतल्या पाइपातून येणारी गार हवा आत जात नाही, ती झुळूक सरळ सेन्सरवर आली की तोही एक खोटा अलार्मच. महिन्यातून एकदा सुक्या फडक्याने घुमटी पुसा, कोळ्याचं जाळं बघा. घुमटीला रंग लावू नका, भिंतीला मॅच करायला कोणीतरी लावतंच, मग सेन्सर जवळजवळ बंद पडतो.

चौथी पायरी: बोर्डावरचे स्क्रू आणि जंपर

इथे थोडक्यात सांगतो. दोन स्क्रू असतात, एक अंतराचा (सेन्सिटिव्हिटीचा तो हाच), साधारण ३ ते ७ मीटर, आणि एक वेळेचा, म्हणजे एकदा दिसल्यावर आउटपुट किती वेळ चालू राहील, तीन-चार सेकंदांपासून पाच मिनिटांपर्यंत. कुठल्या बाजूने फिरवलं की वाढतं ते बोर्डागणिक वेगळं असू शकतं, हाताने चालून तपासा. वेळ सगळ्यात कमी ठेवा, निर्णय आपण पुढे आर्डुइनो उनो ह्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावरच्या कोडमध्ये घेणार आहोत. अंतराचा स्क्रू सध्या मधोमध. जंपर म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, तो एच वर असला की माणूस हलत राहील तोवर आउटपुट लांबत जातं, एल वर असला की वेळ संपल्यावर बंद होऊन परत नव्याने चालू होतं.

चालू केल्यावर पहिलं मिनिटभर हा बोर्ड काहीही सांगतो, आतले तुकडे आणि कपॅसिटर स्थिर व्हायला वेळ लागतो. जूनमध्ये गडगडाट झाला की लाईट जाते येते जाते येते, आणि प्रत्येक वेळी लाईट आल्यावर हा मिनिटभर बरळतो. कोडमध्ये पहिली ओळ हीच पाहिजे की सुरू झाल्यापासून ६० सेकंद सेन्सरचं काही ऐकायचं नाही. आणि शक्य तर छोटी बॅटरी मधे ठेवा, म्हणजे लाईट गेल्याचं त्याला कळतच नाही.

पाचवी पायरी: लाट डोळ्यांनी बघा

नवीन माणसाला मी सगळ्यात आधी हेच करायला सांगेन, कारण एकदा बघितलं की बाकीचं आपोआप समजतं. बोर्डावर बिस०००१ नावाची १६ पायांची चिप असते. सेन्सरचं अगदी बारीक सिग्नल ती दोन टप्प्यांत हजारो पट मोठं करते आणि मग तपासते की ते एका ठराविक पट्टीच्या वर किंवा खाली गेलं का. पट्टी साधारण अशी असते, चिपच्या व्होल्टेजच्या ०.३ पट ते ०.७ पट. बोर्डावर चिपला ३.३ व्होल्ट मिळतात, म्हणजे सिग्नल १.६५ च्या आसपास शांत बसलेलं असतं आणि ०.९९ च्या खाली किंवा २.३१ च्या वर गेलं की चिप म्हणते हललं. एवढंच तिचं डोकं, पट्टीबाहेर एकदा गेलं की झालं, का गेलं कसं गेलं ते विचारत नाही.

पण ते मोठं केलेलं सिग्नल आपल्याला बाहेर काढता येतं, चिपच्या १२ नंबरच्या पायावर ते असतं. तिथे बारीक वायर सोल्डर करा (पाय अगदी जवळजवळ असतात, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न घ्या, शेजारच्या पायाला लागू देऊ नका) आणि ती आर्डुइनो उनोच्या ए-शून्य पिनला जोडा, ग्राउंड ग्राउंडला. मग आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमधला प्लॉटर (आकड्यांची रेषा काढून दाखवणारी खिडकी) उघडून आकडे बघा. ५ व्होल्टचा उनो ० ते ५ व्होल्ट हे ० ते १०२३ असे मोजतो, म्हणून १.६५ व्होल्ट म्हणजे साधारण ३३७, वरची मर्यादा ४७३ च्या आसपास, खालची २०३.

माझ्याकडे शांत खोलीत रेषा ३३५ च्या आजूबाजूला किंचित थरथरत असायची. आईला सांगितलं हॉलमधून स्वयंपाकघरात जा. रेषा ६०० च्या वर गेली, लगेच १०० च्या खाली, परत वर, परत खाली, आणि ती दाराआड गेल्यावर दोन-तीन सेकंदांत परत ३३५ वर. सापाच्या चालीसारखी नागमोडी वळणं, एकेक वळण साधारण अर्ध्या पाऊण सेकंदाचं. मग रात्री पाल आली तेव्हा रेषा एकदम वर जाऊन चिकटली, सपाट, कितीतरी वेळ तशीच, मग हळूहळू उतरली, तिला उलट्या बाजूची जोडी नव्हतीच. पडदा हलला तर लहान लहान वेडेवाकडे उंचवटे, कधी वर कधी खाली, कशाचा कशाला मेळ नाही. शेजारच्या खोलीत मिक्सर चालू केला तर काट्यासारखे उभे टोचे, डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारे. चिपला ह्या चारांतले तीन एकसारखेच दिसतात. मला बघता क्षणी चारही वेगळे दिसले. मग कोडला का दिसू नयेत?

सहावी पायरी: कोडला काय शिकवायचं

ही पायरी जरा सावकाश वाचा.

आधी साफसफाई. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेरे, तिची घरघर वायरमध्ये येतेच. ५० हर्ट्झचा एक फेरा २० मिलिसेकंदांचा, म्हणून दर २ मिलिसेकंदांनी एक असे दहा आकडे घ्या आणि त्यांची सरासरी काढा. एका पूर्ण फेऱ्यात जेवढं वर तेवढं खाली, त्यामुळे घरघर सरासरीत आपोआप मरते. सेकंदाला असे ५० साफ आकडे मिळतात आणि ते भरपूर झाले, चालणाऱ्या माणसाचं सिग्नल साधारण ०.१ ते १० हर्ट्झच्या आतच असतं.

मग बेसलाइन, म्हणजे शांत खोलीतली मधली रेषा. ३३५ हा आकडा कोडमध्ये लिहून टाकू नका, तो थोडाफार सरकतो. प्रत्येक नव्या आकड्यावर बेसलाइनला त्या दिशेने फक्त पाचशेवा हिस्सा सरकू द्या, म्हणजे ती साधारण दहा सेकंदांच्या हिशोबाने हळूहळू मागोमाग येते. हालचाल चालू असताना मात्र बेसलाइन गोठवा, नायतर ती माणसाच्याच मागे जायला लागते आणि सावकाश चालणारा माणूस बेसलाइनमध्येच विरघळून जातो. माझी ही चूक सापडायला मला आठवडा लागला.

मग खोलीची नेहमीची थरथर किती ते मोजत राहा, आकडा आणि बेसलाइनमधल्या फरकाची हळू सरासरी, तीसेक सेकंदांची, हीसुद्धा हालचाल नसतानाच. थ्रेशोल्ड, म्हणजे बेसलाइनपासून जेवढं लांब गेलं की दखल घ्यायची ती मर्यादा, ह्या थरथरीच्या सहापट, पण कमीत कमी ६०. वाऱ्याच्या रात्री थरथर वाढली की थ्रेशोल्ड आपोआप वर, शांत रात्री खाली. आता बघा, चिपची मर्यादा मधल्या रेषेपासून साधारण १३५ आकड्यांवर आहे आणि आपली ६० वर, म्हणजे आपण सेन्सर जास्त नाजूक केला, कमी नाही. हे मुद्दाम. थ्रेशोल्ड खाली ठेवायचा आणि आकाराची अट कडक करायची, म्हणजे मे महिन्यातला अंधुक माणूस सुटत नाही आणि पावसाळ्यातला पडदा पकडला जात नाही.

आकाराची अट अशी. थ्रेशोल्डच्या बाहेर गेलेला एक उंचवटा धरा, तो थ्रेशोल्डच्या निम्म्याच्या आत परत आल्यावरच संपला असं समजा, नायतर काठावर थरथरणारी एकच लाट दहा वेळा मोजली जाते. उंचवटा ८० मिलिसेकंदांहून छोटा असेल तर सोडून द्या, तो मिक्सर किंवा फ्रिजचा टोचा. ३ सेकंदांहून लांब असेल तर सोडून द्या, तो ऊन किंवा पाल. उरलेल्यांपैकी एक वरचा आणि त्यानंतर ३ सेकंदांच्या आत एक खालचा (किंवा उलटं) मिळाला तर एक जोडी. ८ सेकंदांत दोन जोड्या मिळाल्या तर माणूस.

तयार सेन्सरांमध्ये पल्स काउंट नावाचा जंपर असतो तो ह्याचाच साधा भाऊ, १, २ किंवा ३. नवीन घेताना तो आहे का बघा, आणि हॉलसाठी २ ठेवा. अरुंद पॅसेजमध्ये मात्र १ च ठेवा, आपल्या कोडमध्येही तिथे एक जोडी पुरे करा, कारण पॅसेजमध्ये माणूस एक-दोनच पट्टे ओलांडून पुढे जातो आणि तिसऱ्याची वाट बघत बसलात तर तो केव्हाच आतल्या खोलीत. खूप सावकाश सरकणारा माणूसही कडक अटीतून निसटू शकतो, म्हणून ८ सेकंदांची खिडकी ह्याहून लहान करू नका, माझं तर मत मोठ्या खोलीत १० ठेवा.

आणि रेषा वरच्या किंवा खालच्या टोकाला जाऊन सपाट चिकटली आणि पाच सेकंद तशीच राहिली तर ते अलार्म म्हणून न धरता वेगळी नोंद करा, कोणीतरी घुमटी झाकतंय. बहुतेक वेळा पाल असते, पण घरात कामाला माणसं येऊन गेल्यावर अशी नोंद दिसली तर उठून बघाच.

सातवी पायरी: उन्हाळा आणि पावसाळा

त्वचेचं तापमान साधारण ३२-३३ अंश, कपड्यांचं त्याहून कमी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाहेर ३३-३४ आणि नळ्यांखाली भिंतीही तेवढ्याच तापलेल्या. म्हणजे माणूस आणि भिंत ह्यांच्यात फरकच उरत नाही, सेन्सरला बघायला काही नाही. श्रावणातल्या रात्री खोली २५ वर येते, फरक सात-आठ अंशांचा, तोच सेन्सर तोच स्क्रू, आणि एकदम तीक्ष्ण. माझा सेन्सर उन्हाळ्यात आंधळा आणि चवथीत वेडा का झाला ते ह्यात आलं.

एक छोटा तापमान सेन्सर जोडा आणि किमान थ्रेशोल्ड त्याच्यावर हलवा. मी २५ अंशांना ९०, ३० ला ६०, ३३ च्या वर ४० ठेवलाय, तुमच्या खोलीत चालून बघून ठरवा. भिंत माणसापेक्षा गरम झाली तर लाट उलटी होते, आधी खाली मग वर, पण आपण जोडी मोजतोय त्यामुळे काही बिघडत नाही. विकतचा सेन्सर घेत असाल तर टेम्परेचर कॉम्पेन्सेशन (तापमानाप्रमाणे आपोआप जुळवून घेणं) लिहिलेलं बघून घ्या, किनारपट्टीला ते नसलेला सेन्सर घेऊ नये असंच मी म्हणेन.

आठवी पायरी: दुसऱ्याचं मत

एवढं करून मन भरत नसेल तर दुसऱ्या जातीचा सेन्सर जोडीला द्या. ड्युअल टेक्नॉलॉजी म्हणून जे मिळतात त्यात पीआयआर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही असतात. मायक्रोवेव्ह स्वतः लहरी सोडतो आणि हलणाऱ्या वस्तूवरून परत आलेल्या लहरींची वारंवारता किती बदलली ते बघतो, त्यातले बरेच १०.५२५ गिगाहर्ट्झवर चालतात आणि तिथे सेकंदाला १ मीटर चालणारा माणूस साधारण ७० हर्ट्झचा बदल देतो. त्याला उन्हाचं काही नाही, भिंत गरम असो थंड असो. आणि तो अंगावर चालत येणाऱ्याला चांगला पकडतो, जिथे पीआयआर कच्चा. पण त्याला लाकडी दाराच्या, काचेच्या पलीकडचंही दिसतं, रस्त्यावरून जाणारा माणूस, पीव्हीसी पाइपातून धो धो उतरणारं पावसाचं पाणी, पंख्याची पाती, सगळं. जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते विझते, तीही त्याला हालचाल वाटते, म्हणून चांगल्या सेन्सरात १०० हर्ट्झ मुद्दाम गाळलेलं असतं.

दोघांच्या चुका वेगवेगळ्या आहेत हाच फायदा. पाल मायक्रोवेव्हला किरकोळ, पाइपातलं पाणी पीआयआरला दिसतच नाही. दोघांनी १० सेकंदांच्या आत हो म्हटलं तरच सायरन. फक्त घेताना किंवा जंपर लावताना बघा की दोन्ही मिळून अशी अट आहे, दोघांपैकी कोणीही चालेल अशी नाही, नायतर दोघांचे खोटे अलार्म एकत्र मिळतील. स्वस्तात करायचं तर दाराला चुंबकाचा स्विच लावा, दार उघडलं आणि मग हॉलमध्ये जोडी मिळाली, हाही दुसरा साक्षीदारच.

नववी पायरी: वायरिंग

वायफायचा बोर्ड पीआयआरच्या पाठीला चिकटवू नका, तो काही पाठवताना जो झटका देतो तो सेन्सरच्या हजारो पट वाढवणाऱ्या भागात शिरतो आणि मग दर काही सेकंदांनी ठराविक अंतराने खोटी हालचाल दिसते. अशी घड्याळासारखी हालचाल दिसली की वायफायवरच संशय घ्या. दोघांत वीतभर अंतर ठेवा, सेन्सरच्या सप्लायवर १०० मायक्रोफॅरडचा आणि सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. सायरनच्या रिलेच्या (सायरन चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉइलवर उलटा डायोड पाहिजेच. खाऱ्या हवेत स्क्रू टर्मिनल हिरवे पडतात आणि सैल कॉन्टॅक्ट म्हणजे टोचेच टोचे, समुद्राजवळ राहत असाल तर सोल्डर करून वर वॉर्निश.

दहावी पायरी: सायरन सगळ्यात शेवटी

सगळं झाल्यावर सायरन जोडायची घाई होते, करू नका. सात रात्री सायरनशिवाय चालवा, फक्त वेळ, जोड्या किती आणि तापमान किती एवढं मेमरी कार्डावर लिहू द्या. सकाळी बघा. रोज पहाटे पाचला नोंद असेल तर कोण उठतं ते आठवा. मग घरातल्या प्रत्येकाला चालायला लावा, लहान मुलाला, हळू चालणाऱ्या आजीला, दारातून, खिडकीच्या बाजूने, भिंतीला धरून. एकदा दुपारी कडक उन्हात, एकदा पावसाच्या रात्री. सात रात्री एकही खोटी नोंद नाही आणि चालणारा प्रत्येक जण पकडला गेला, मग सायरन. मे महिन्यात लावलेला असेल तर जूनचे पहिले आठ दिवस परत असेच नुसत्या नोंदींवर काढा.

गेल्या चवथीला जायच्या आदल्या दिवशी मी काकांना घरात बोलावलं, त्यांनाच हॉलमधून चालायला लावलं, रेषा दाखवली, दार आणि हॉल दोन्ही मिळून हो म्हणाले तरच आता वाजतो हे सांगितलं, आणि किल्ली दिली. पाच दिवसांनी आलो तर कार्डावर तीन नोंदी, दोन घुमटी झाकल्याच्या रात्री अकराच्या पुढच्या, एक नुसत्या एका जोडीची. सायरन एकदाही वाजला नव्हता. किल्ली आणायला गेलो तेव्हा नेवऱ्यांचा (करंज्यांचा) डबा घेऊन गेलो, तर काका म्हणाले, "ह्या वेळी वाजला असता तर आलो असतो बघ."